हैबतरावांनी विकत आणलेली पाल

हैबतराव शेडगे पालीला भितात, ही गोष्ट कोळवणच्या खोऱ्यात एकाच माणसाला ठाऊक होती, आणि त्या माणसाशी त्यांचं लग्न झालेलं होतं.

बाकी गावाला ठाऊक होतं ते वेगळं. भातात शिरलेलं रानडुक्कर हैबतरावांनी नुसत्या काठीनं ओढ्यापार घालवलं होतं. गोठ्यात निघालेला नाग शेपटीला धरून माळावर नेऊन सोडला होता, आणि नेताना वाटेत दोघातिघांची विचारपूसही केली होती. एकदा तर तालुक्याच्या साहेबासमोर त्यांनी टेबलावर मूठ आपटली होती. अशा माणसानं वाघाला भ्यावं, फार तर कोर्टाला भ्यावं. पाल काही त्या मिशांना शोभणारी भीती नव्हती. हे हैबतरावांनाही मान्य होतं. पण भिंतीवर ती फिकट, थंडगार, पोटातलं बाहेरून दिसणारी वस्तू हलली की त्यांच्या मानेमागे शिरशिरी यायची, जीभ टाळूला चिकटायची आणि एक्कावन्न वर्षांचा तो देह मालकाला न विचारता दाराकडे सरकू लागायचा.

ही भीती लपवण्यासाठी त्यांनी घरात ज्या सोयी केल्या होत्या, त्यांतून गावानं त्यांचे गुण शोधून काढले होते. तसबिरीमागे पाली राहतात, म्हणून त्यांच्या भिंतीवर एकही तसबीर नव्हती. वडील पोलीस-पाटील होते, पण त्यांचाही फोटो ट्रंकेत होता. लोक म्हणत, माणूस सुधारक आहे. ट्यूबलाइटवर किडे येतात आणि किड्यांमागून पाली, म्हणून गावात वीज येऊन आठ वर्षं झाली तरी त्यांच्या ओटीवर कंदील होता. लोक म्हणत, काटकसर शिकावी ती हैबतरावांकडून. घराला ते वर्षातून तीनदा चुना काढत. त्यावर लोक काहीच म्हणत नसत. उरलेला चुना मागून नेत.

आणि रोज दिवेलागणीला हैबतराव ओटीवर थांबून राहत. लीलाबाई केरसुणी घेऊन आत फिरत, आढ्याला काठीनं ठकठक करत, टाळ्या वाजवत, आणि बाहेर येऊन एकच शब्द बोलत, "गेली." मग हैबतराव आत जात. बावीस वर्षं हे चाललं होतं. संसार यापेक्षा कमी गोष्टींवरही टिकतात.

त्या वर्षी, म्हणजे त्र्याऐंशी साली, श्रावणात गावच्या दूध संस्थेला नवा चेअरमन निवडायचा होता. संचालक सात. तीन हैबतरावांचे, स्वतः धरून. तीन जयसिंगाचे, तोही स्वतःला धरूनच. हैबतरावांना दुधातलं फार कळत होतं असं नाही. पण त्यांच्या वडिलांना सारं गाव 'पाटील' म्हणायचं. पाटीलकी गेली, आणि त्यांच्या वाट्याला नुसतं 'हैबतराव' राहिलं. एसटी स्टँडवर कुणीतरी मागून 'ओ चेअरमन' अशी हाक मारावी आणि आपण सावकाश वळून बघावं, एवढीच त्यांची इच्छा होती. ती इतक्या दिवसांची होती की अलीकडे हाक नसतानाही ते वळून बघत.

सगळं येऊन अडलं होतं सातव्या संचालकावर. हे कुशाबा. वय पंच्याहत्तर. कुशाबांनी आयुष्यात एकही निर्णय स्वतःच्या डोक्यानं घेतला नव्हता आणि त्याबद्दल त्यांना गावात मान होता. म्हैस घ्यायची तर कावळा कुठल्या अंगाला ओरडतो ते बघत; मुलगी द्यायची तर कौल लावत; आणि बाकी सगळं त्यांच्याजवळच्या एका पंचांगात बघत. त्या पंचांगाची पहिली पानं गेलेली असल्यामुळे ते कुठल्या सालचं हे कुणालाच सांगता येत नसे, म्हणून ते कधी जुनं होत नव्हतं.

गुरुवारी निवडणूक. त्याआधीच्या मंगळवारी कुशाबा सकाळीच हैबतरावांच्या ओटीवर आले आणि छत्री मिटवता मिटवता म्हणाले,

"हैबती, माजं मत आता जयसिंगाला."

"तात्या! अवो, आपलं ठरलं हुतं न्हवं?"

"ठरलं हुतं. पर काल सकाळी जयसिंगाच्या डोस्क्यावर पाल पडली."

हैबतरावांचा हात आपसूक स्वतःच्या डोक्यावर गेला. तिथं टोपी होती. त्यांनी ती घट्ट केली.

"खरं म्हनताय?"

"दात घासत हुता. बराबर टाळूवर. त्येच्या सासूनं बगितली. आता ह्यात काय लिव्हलंय बग." कुशाबांनी कोपरीतून पंचांग काढलं. "डोस्क्यावर पडली तर राज्य. आता राज्य म्हंजे चेअरमनच की. दुसरं राज्य हाय कुटं आपल्याकडं? खांद्यावर पडली तर जय, नाकावर पडली तर दुखनं, पायावर पडली तर परवास. त्येच्या डोस्क्यावर पडली. तितं मी कोन बोलनार?"

खुर्ची हातातून निघाली होती ती एका पालीपायी, हे त्यांच्या आयुष्याला धरूनच झालं होतं. तरी हाक कानात होती. ते खाकरले.

"तात्या, आमच्या डोस्क्यावर पडली तर?"

"तुज्या?" कुशाबांनी छताकडे बघितलं, मग हैबतरावांकडे. "पडली, आन् म्या सोता बगितली, तर सासूच्या साक्षीपरीस ती वरचढ. मत तुला. पर टोपीवर चालायची न्हाई. टोपीवर पडली तर राज्य टोपीला."

"उद्या सकाळी च्याला या," हैबतराव म्हणाले. आपण काय बोललो हे त्यांना कुशाबा वळणापलीकडे गेल्यावर कळलं आणि त्यांना ओटीच्या खांबाला धरावं लागलं.

आता पाल हवी होती. गावातल्या प्रत्येक घरात ती होती. फक्त यांच्या घरात नव्हती. शेजारी जाऊन विरजण मागता येतं, सुईदोरा मागता येतो. पाल कशी मागायची? आणि मागितली तर तासाभरात ती बातमी जयसिंगाच्या सासूपर्यंत.

तेवढ्यात त्यांना आठवलं, की नागपंचमीच्या निमित्तानं पौडला शाळेच्या हॉलमध्ये पुण्याच्या मंडळींनी सापांचं प्रदर्शन लावलंय. ते दहाच्या गाडीनं निघाले.

पौडला मोहिद्दीनचं कासरे, दावी आणि घुंगरमाळांचं दुकान होतं. हैबतरावांनी घेतलेला प्रत्येक बैल आधी मोहिद्दीनच्या नजरेखालून गेलेला असे. त्या दिवशीही ते दुकानाच्या पायरीवर चढून म्हणाले,

"मोहिद्दीनभाई, एक जनावर घ्यायचंय. संगं चला."

"आज? बाजार न्हाई आज. बैल का?"

"न्हाई."

"म्हस?"

"ल्हान हाय," हैबतराव म्हणाले, आणि शाळेची वाट धरली.

हॉलमध्ये काचेच्या पेट्या मांडल्या होत्या. पन्नास पैसे तिकीट. वाल्मीक नावाचा केस वाढवलेला, तीन बोटांना पट्ट्या गुंडाळलेला एक तरुण, साप हा शेतकऱ्याचा मित्र कसा हे सांगत होता. शेतकरी ते शहरातल्या माणसाच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत असल्यामुळे कौतुकानं ऐकत होते. हैबतराव नागावरून, घोणशीवरून भाजीच्या पाट्या बघाव्यात तसे पुढे गेले. शेवटच्या बाकावर एक जाळीचा डबा होता. त्यात काहीतरी फिकट सळसळलं आणि हैबतराव दोन हात अलीकडेच थांबले.

"ह्ये… ह्ये इकायला हाय का?" त्यांनी दुसरीकडे बघत विचारलं.

"त्या पाली? त्या कवड्यासाठी आणल्यात. कवड्या साप त्याच खातो." वाल्मीक जवळ आला. "तुम्हाला कशाला हव्यात?"

हैबतरावांनी सगळ्या शक्यता मनात तपासल्या. एकही सांगण्यासारखी नव्हती.

"पाळायला," ते म्हणाले.

मोहिद्दीननं त्यांच्याकडे बघितलं. वाल्मीकनंही बघितलं, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. सहा गावं प्रदर्शन लावून, सरपटणाऱ्या प्राण्यावर प्रेम करणारा पहिला माणूस त्याला पौडमध्ये भेटला होता.

"वा! काका, तुम्ही खरे निसर्गप्रेमी! परदेशात लोक हौसेनं पाळतात. झुरळं द्यायची, पाण्याचे चार थेंब शिंपडायचे. अगदी गरीब प्राणी. हे बघा." त्यानं डब्यात हात घातला, एक पाल तळहातावर घेतली आणि हात हैबतरावांच्या छातीपर्यंत पुढे केला. "घ्या. ओळख करून घ्या."

हैबतराव मागे सरकले. आणखी सरकले. पाठीला काहीतरी लागलं तेव्हा थांबले. ती अजगराची पेटी होती. तिला पाठ टेकल्यावर त्यांना जरा धीर आला.

मोहिद्दीनला अजून काही कळलं नव्हतं, पण खरेदी म्हटल्यावर त्याला राहवलं नाही. "हैबतराव, आधी दात बगा. फसवतील. आन् चालवून दावा म्हनावं. मागच्या पायानं खोडी असली तर?"

"गप बसा, मोहिद्दीनभाई."

"तर काय! दोन दाती हाय का जुळलेली, वय कळाय नगो? भाव टोपीखाली बोटं धरून करायचा का उघडा?"

"दोन रुपये द्या," वाल्मीक म्हणाला. "नुसते डब्याचे. पालीचे पैसे मी घेणार नाही."

बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्याला खिळ्यानं भोकं पाडून पाल आत घातली गेली. डबा स्टँडपर्यंत मोहिद्दीननं नेला. तिथं गाडी लागलेली बघून त्यानं तो हैबतरावांच्या हातात दिला, त्यांच्या कपाळावर पावसाचं नसलेलं पाणी बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाला,

"हैबतराव, खरं सांगा. कुनी करनी-बिरनी केली का तुमच्यावं?"

"निवडनूक हाय," हैबतराव म्हणाले.

"मग बराबर हाय," मोहिद्दीन म्हणाला, आणि दुकानाकडे वळला.

गाडीत शेजारी गावातल्याच सारजाबाई येऊन बसल्या. डबा हैबतरावांच्या मांडीवर. मांडीला पत्र्यातून बारीक खरखर कळत होती. आत ती फिरत होती. झाकण दाबून धरावं तर हात तिच्याजवळ. सोडावं तर झाकण निघेल. हैबतरावांनी दोन बोटांनी दाबलं आणि बाकीचा देह खिडकीबाहेर काढता येईल तेवढा काढला.

"डब्यात काय, दाजी?"

"पेढं."

"आगं बया! द्या की येक. उपासाला चालतोय."

"निवदाचं हायेत."

"मंग ऱ्हाऊंद्या. कशाचा निवद?"

तेवढ्यात हैबतरावांच्या मांडीवरून स्वच्छ आवाज आला. चुक्, चुक्, चुक्.

सारजाबाईंनी ताबडतोब पुढच्या सीटच्या दांडीवर तीनदा बोटं वाजवली. "किस्ना, किस्ना, किस्ना. यष्टीत बी पाल!" मग त्या छताकडे बघू लागल्या. पुढची दोन माणसं बघू लागली. कंडक्टर तिकिटं द्यायची सोडून टपाकडे बघत म्हणाला, "गाडी लई जुनी झाली, मावशी. कायबी निगतंय." सगळी गाडी वर बघत होती. खाली बघणारा एकटा माणूस घामानं भिजला होता, आणि डब्याच्या एका भोकातून सुतळीच्या टोकाएवढं काहीतरी बाहेर येऊन त्याच्या अंगठ्याला लागत होतं. ते शेपूट होतं. ओरडावं तर सगळं संपलं. हैबतरावांनी डोळे मिटले आणि मुक्कामापर्यंत उघडले नाहीत. उतरताना सारजाबाई म्हणाल्या, "दाजी द्येवाचं नाव घेत हुते जनू. लई बदाललं मानूस."

घरी येऊन त्यांनी डबा ओटीवर ठेवला आणि आपण अंगणात पावसात उभे राहिले.

"उगड," ते लीलाबाईंना म्हणाले.

"काय हाय?"

"पाल हाय."

लीलाबाईंनी डब्याकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं. "घावली कुटं?"

"इकत आनली. पौडास्नं."

त्यांनी सगळं सांगितलं. जयसिंग, सासू, पंचांग, टोपी. लीलाबाई खांबाला टेकून ऐकत होत्या. मधेच त्यांनी एकदा तोंडाला पदर लावला, पण त्या हसल्या की काय हे पावसातून दिसलं नाही. शेवटी त्या पुटपुटल्या, "मला तरी इच्यारायचं."

"तुला काय इच्यारायचं?"

"काय न्हाई."

त्यांनी झाकण काढलं. पाल डब्याच्या काठावर आली, घराकडे एक नजर टाकली आणि तीरासारखी खांबावरून वर, वळचणीतून कौलांवर आणि तिथून पलीकडच्या जांभळीवर गेली. सगळं मिळून खोकला यावा एवढा वेळ. पौडहून मांडीवर बसवून आणलेलं राज्य झाडावर निघून गेलं.

हैबतराव पायरीवर बसले. उद्या सकाळी कुशाबा येणार. परवा निवडणूक. पौडची गाडी पुन्हा नाही. आणि एवढं भिऊन शेवटी हातात काय, तर बिस्किटाचा डबा. त्यांनी त्या रिकाम्या डब्याचं झाकण पुन्हा लावलं. लीलाबाईंनी ते बघितलं. बावीस वर्षं जी गोष्ट त्यांनी सांगितली नव्हती, ती त्यांनी आता सांगितली.

"घरात हायेत," त्या म्हणाल्या.

"काय?"

"पाली."

हैबतरावांना पहिल्यांदा कळलंच नाही. "तू तर रोज म्हनतीस…"

"म्हनती."

"मग जात्यात न्हवं?"

लीलाबाईंनी मान हलवली. "पैल्या साली घालवायची मी. येक घालवली की दुसरी यायची. तुमी ओटीवं हुबं, पावसात, थंडीत. मग म्हनलं, पालीला ठावंच न्हाई म्या काय म्हनतीया ते. आन् ह्यो मानूस झोपतोय तर खरं."

"किती… किती हायेत?"

"मोजल्या न्हाईत."

"अंदाजे?"

"नऊ."

पाऊस पागोळ्यांतून पडत होता. हैबतराव बसल्या जागी दोन्ही पाय वर घेऊन बसले.

"त्यातली येक थोराड हाय," लीलाबाई म्हणाल्या. आता सांगायला लागल्यावर त्यांना थांबवेना. "शेपूट तुटलेली. धा-बारा वर्सं झाली असतील. तुमच्या खाटंच्या वर जो वासा हाय न्हवं, तितंच ऱ्हाती. सवबावानं चांगली हाय."

दहा-बारा वर्षं. हैबतरावांनी मनात खाट बघितली, तिच्यावर उताणा पडलेला, तोंड उघडून घोरणारा माणूस बघितला, आणि वरून त्याच्याकडे बघणारे दोन मणी बघितले. चार हजार रात्री. आपण भीत नव्हतो तेव्हा किती भ्यायला हवं होतं, याचा हिशेब त्यांना लागेना. त्या रात्री ते गोठ्यात बैलगाडीत झोपले, म्हणजे कांबळं डोक्यावरून घेऊन बसून राहिले, आणि बैलांनी शेपूट हलवलं तरी उठून उभे राहिले.

पहाटे लीलाबाईच गोठ्यात आल्या.

"खुर्ची पायजे का नगो?"

हैबतरावांनी डोक्यावरचं कांबळं खाली ओढलं. "पायजे," ते म्हणाले, पण आवाज फुटला नाही. नुसते ओठ हलले.

"मग ऐका. ओल्या शेन्या घालून चूल धुपवली की ती थोराडी धुरानं भाईर येती. ओटीच्या मधल्या आडव्या वाशावं बसती. दोन-चार बारी पडली बी हाय. तुमी त्याच्या खाली बसा. म्या धूर करती."

कुशाबा आले. छत्री कोपऱ्यात ठेवून घोंगडीवर बसले. हैबतराव मधल्या वाशाच्या बरोबर खाली, बोडक्यानं. टोपी मांडीवर. त्यांच्या डोक्यावर केस नव्हते. आजपर्यंत त्याचं दुःख केवळ दिसण्यापुरतं होतं. आतून धूर यायला लागला. कुशाबा खोकले.

"सुनबाई, काय जाळतीस का च्या करतीस?"

"शेन्या ओल्या हायेत, मामंजी," आतून आवाज आला. आणखी धूर आला.

हैबतरावांनी वर बघायचं नाही असं ठरवलं होतं. ते समोर बघत होते. कुशाबा भाताच्या लागणीबद्दल बोलत होते. बोलता बोलता कुशाबा थांबले आणि त्यांची नजर हळूच हैबतरावांच्या डोक्यावरून वर गेली.

"हैबती," ते कुजबुजले, "हालू नगंस."

हैबतराव हलूच शकत नव्हते. डोक्याची कातडी आपली आपण आक्रसत होती, जणू तिला लहान व्हायचं होतं. वर कुठंतरी वाशावर नखांची बारीक खसखस झाली. थांबली. पुन्हा झाली. पळावं. आत्ता पळावं. एसटी स्टँडवरची हाक आठवावी म्हणून त्यांनी प्रयत्न केला, पण ती हाक ऐकू येईना, नुसतं कानात रक्त ऐकू येत होतं. घोंगडीचे दोन केस त्यांनी मुठीत धरले होते. एक, दोन, तीन, ते मोजू लागले. सातावर डोक्यावर काहीतरी पडलं. मऊ. गार. मग त्याला चार पाय फुटले.

पुढचं हैबतरावांना कधीच नीट आठवलं नाही. कुशाबांनी जे गावाला सांगितलं ते असं: हैबतीनं आवाज केला नाही. बसल्या जागेवरून तो उठला तो सरळ अंगणात, अंगणातून परसात, आणि धोतर-सदऱ्यासकट विहिरीत. मधे गोवऱ्यांचा उंच रचलेला हुडवा होता, तो त्यानं वरून पार केला.

श्रावणातली विहीर काठोकाठ भरलेली. पाल वाटेतच कुठंतरी उडाली होती, पण हैबतरावांना ती सदऱ्यात आहे असं वाटत होतं, कारण सदरा अंगाला चिकटून हलत होता. ते बुडी मारत, वर येत, मानेमागे हात घालत, पुन्हा बुडी मारत. कुशाबा छत्री घेऊन काठावर आले आणि थक्क होऊन उभे राहिले.

"हैबती! आरं बास! शास्त्राला येक लागती!"

हैबतराव पुन्हा खाली गेले.

"चार झाल्या! पाच!" कुशाबा काठावरून मोजू लागले. पाल पडली की अंगावरच्या वस्त्रानिशी स्नान करायचं, हे त्यांचं पंचांग सांगत होतं. पण पाळतंय कोण? जयसिंगाच्या डोक्यावर पडली, तर तो आधी चहा प्याला आणि दुपारी तांब्याभर पाणी ओतून घेतलं म्हणे. आणि हा! फोटो न लावणारा, सुधारक म्हणून ज्याला लोक नावाजायचे तो हा! पाल डोक्याला टेकायचा अवकाश, श्वासभर थांबला नाही. "लोकांनी वळखला न्हाई रं तुला," कुशाबा विहिरीत बघून म्हणाले. "माजं मत तुला. मेलो तरी तुला."

लीलाबाई कोरडा पंचा घेऊन काठावर आल्या. हैबतराव पाण्यातून फक्त डोळे आणि मिशा वर काढून त्यांच्याकडे बघत होते. दात वाजत होते.

"गेली का?" त्यांनी विचारलं.

लीलाबाईंनी रोजचा शब्द गिळला. "बगितलं न्हाई," त्या म्हणाल्या.

हैबतरावांनी सहावी बुडी मारली.

गुरुवारी तीन विरुद्ध चार मतांनी ते चेअरमन झाले. संस्थेची कचेरी म्हणजे दुधाच्या कॅनांच्या मागे एक लांब खोली. आभाळ भरून आल्यामुळे दुपारीच ट्यूबलाइट लावावी लागली होती. हैबतराव चार वर्षं इथं संचालक होते, पण ते नेहमी उंबऱ्यावर बसत. वारा लागतो म्हणत. चेअरमनची खुर्ची आत, भिंतीला, बरोबर ट्यूबच्या खाली होती.

"बसा, चेअरमन," कुणीतरी म्हणालं.

ती हाक. तीच. हैबतराव सावकाश वळले, खुर्चीपर्यंत गेले आणि बसले. गळ्यात झेंडूचा हार होता. दुधावर माश्या, ट्यूबवर किडे, आणि ट्यूबच्या पट्टीवर… त्यांनी बघायला नको होतं. पट्टीवर दोन होत्या. तिसरी कॅलेंडरच्या मागून अर्धी बाहेर. चौथी तर सरळ उलटी, छताला, त्यांच्या टाळूच्या रेषेत, गळा फुगवत बसली होती.

"शकुनाची खुर्ची हाय," कुशाबा प्रेमानं म्हणाले. "पाच वर्सं हालायची न्हाई."

पाच वर्षं. महिन्यातून दोन बैठका. शिवाय सही करायला रोज. सहाही संचालक हैबतरावांच्या तोंडाकडे बघत होते. चेअरमननं काहीतरी बोलायचं असतं. त्यांनी दोन्ही हातांनी खुर्ची धरली आणि बोलले. तोंडातून निघालं ते त्यांनाही नवं होतं.

"आपला कारभार उगडा पायजे. चार भिंतीआड नगो. आजपास्नं समद्या बैठका भाईर, वडाखाली."

सगळे दाराबाहेर बघू लागले. वड दिसत नव्हता, एवढा पाऊस होता.

"चेअरमन, पाऊस हाय की," एक संचालक म्हणाला.

"पावसात बी."

विरोधकांनी हे पाडायचं हे उघड होतं, म्हणून सगळे जयसिंगाकडे बघू लागले. जयसिंग खिडकीत होता. चार वर्षं तो प्रत्येक बैठकीला खिडकीतच बसायचा, अर्धा बाहेर. विडी ओढतो म्हणून.

"अनुमोदन!" जयसिंग ओरडला.

ठराव अजून पुरता मांडलाही नव्हता. हैबतरावांनी चमकून त्याच्याकडे बघितलं. जयसिंग त्यांच्याकडे बघत नव्हता. तो त्यांच्या डोक्याच्या हातभर वर बघत होता, आणि त्याच्या हातातली विडी हलत होती. मग त्याची नजर खाली आली, आणि दोघांची दृष्टादृष्ट झाली.

"मंजूर," हैबतराव उठत म्हणाले. "चला."

दोघं दारात एकदमच पोचले, खांद्याला खांदा अडकला, आणि एकदमच बाहेर पडले. बाकीचे छत्र्या शोधत राहिले. वडाखाली पानापानातून पाणी गळत होतं. हार भिजून जड झाला होता. हैबतरावांनी मागे वळून कुणी येत नाही ना हे बघितलं आणि हळूच विचारलं,

"जयसिंगराव, सोमवारी… दात घासताना… खरंच पडली हुती?"

जयसिंगानं सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं.

"पडली आसती," तो म्हणाला, "तर आज मी हितं आसतो का, चेअरमन?"